म्हाळसेच्या हातातला भाला

खंडोबाचं ते घोड्यावरचं चित्र आठवतंय? आमच्या वर्तकनगरात जुन्या म्हाडा इमारतींतल्या कित्येक देव्हाऱ्यांत ते आहे. आता सांगा, त्यात म्हाळसा काय करतेय? ऑफिसात बऱ्याच जणांना विचारून झालंय. उत्तर ठरलेलं: "बसलीये की, नवऱ्याबरोबर."

अहो, नीट बघा. खंडोबा एका दैत्यावर तलवार चालवतोय. दुसऱ्याच्या छातीत भाला खुपसलाय तो म्हाळसेने! कुत्रा त्याच दैत्याची मांडी चावतोय. मणी-मल्लाच्या लढाईतला अर्धा हिशोब बाईने चुकता केलाय आणि आपल्याला ती फक्त मिरवणुकीत बसलेली दिसते.

२०१४ ते २०१७ 'जय मल्हार' मालिका चालली. घराघरात गप्पा कशाच्या रंगल्या? म्हाळसा आणि बानूच्या रुसव्याफुगव्यांच्या. मालिकेला शिव्या घालणं सोपं आहे, पण सवतींचं भांडण तिने शोधलेलं नाही. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत ते आहेच, आणि झकास आहे. एकीकडे नेवाशाच्या वाण्याची लेक, दुसरीकडे धनगराची बाणाई. दोन समाज एकाच देवाच्या घरात नांदवायचे म्हणजे भांड्याला भांडं लागणारच. भांडण काढा असं मी म्हणतच नाही. भांडण ठेवलं आणि भाला गाळला, ही माझी तक्रार आहे.

'मल्हारी माहात्म्या'ची सिद्धपाल केसरीने केलेली मराठी प्रत १५८५ सालची. त्या कथेत मणीच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवे दैत्य उठतात, तेव्हा ते रक्त पिऊन टाकायला घृतमारी येते. नाव तरी ऐकलंय? गोव्यात मार्दोळची म्हाळसा बघा. तिथे तिला मोहिनीचं रूप मानतात, पण हातांत त्रिशूळ, तलवार, कापलेलं मुंडकं आणि पानपात्र! रुसून माहेरी जाणाऱ्यांतली वाटते का ही?

गंमत म्हणजे आयर्लंडमध्ये उलटं झालं. तिथली मेव राणी नवऱ्याच्या संपत्तीत आपल्यापेक्षा एक बैल जास्त निघाला म्हणून सैन्य घेऊन निघते. बाराव्या शतकात 'बुक ऑफ लेन्स्टर'मध्ये ही कथा उतरवणाऱ्या लेखनिकाने शेवटी लॅटिनमध्ये चक्क लिहून ठेवलंय की असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कथेत मेवची टवाळीही आहे. पण सैन्य तिचंच राहिलं. न मानणाऱ्याने राणी जशीच्या तशी ठेवली, आणि आपण तळी भरणाऱ्यांनी देवीचं हत्यार काढून घेतलं.

"एवढं काय मनावर घेतोस, चित्र तर आहे!" असं म्हणाल. पण हीच खोड आपण ऑफिसातही चालवतो. आठ मार्चला मेलमध्ये 'आमच्या रणरागिणींना शुभेच्छा', सोबत गुलाब आणि मग. नऊ मार्चला त्यातलीच एखादी रिलीजच्या तारखेवरून क्लायंटशी भिडली की ती 'जरा भांडकुदळच आहे हं'. पुरुष भिडला की तो लढतो, बाई भिडली की भांडते. म्हाळसेचं दुसरं काय झालं?

येत्या चंपाषष्ठीला कुणी आजोबा पोरांना सांगू लागले की खंडोबाने एकट्याने दोन्ही दैत्य लोळवले, तर त्यांना हाताला धरून चित्रापाशी न्या. भरीत-रोडगा नंतर खाता येईल :-)