आवाज गाडीचा, पाय माझा

गेल्या महिन्यात सिग्नलला थांबलो होतो आणि बोनेटखालून खर्रर्र असा आवाज यायला लागला. आमची मारुती ८००. हे मॉडेल निघणं २०१४ सालीच बंद झालं, पण आमची गाडी भाजी, बँक, दवाखाना सगळं अजून निमूटपणे करते. म्हातारी झालीय एवढंच. (तसा मीही झालोच आहे!)

जवळच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी एक चक्कर मारली आणि निकाल देऊन टाकला, "काका, गिअरबॉक्स गेला. खोलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. राग आला तो मात्र भलत्याचाच. चार महिन्यांपूर्वी एका मुलाकडून गिअर ऑइल बदलून घेतलं होतं. त्यानेच हलकं तेल घातलं असणार, असं मी सोसायटीत चार जणांना सांगूनही मोकळा झालो.

मग एका जुन्या, ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारलं, "सर, आवाज कधी येतो?" कसा येतो ते नाही, कधी येतो! इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून बाजूला. आवाज नाही. पेडल दाबलं, खर्रर्र सुरू. सोडलं, बंद. असं तीनदा करून म्हणाले, "गिअरबॉक्स ठीक आहे. रिलीज बेअरिंग गेलंय."

मला त्यांनी समजावून सांगितलं ते असं. क्लच दाबला की रिलीज बेअरिंगवर जोर येतो, म्हणून दाबल्यावर येणारा आवाज बहुधा त्याचा. उलट, पाय काढल्यावर आवाज आणि दाबल्यावर शांतता असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायचं, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. गिअर टाकताना करकर झाली तर आधी क्लचची केबल तपासायची. स्टिअरिंग पूर्ण वळवून जाताना कटकट झाली, तर दोष क्लचचा नाहीच, पुढच्या अ‍ॅक्सलच्या जॉइंटचा.

क्लचपर्यंत पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला, पण खोलावा लागला नाही. उतरवणं आणि खोलणं यांत किती हजारांचा फरक असतो, ते मला या वयात कळलं. तेलही काढून बघितलं. चांगलं होतं.

शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता का?" चालवतो. कित्येक वर्षं. सिग्नललाही गिअर न काढता क्लच दाबूनच उभा असतो. पायाचा नुसता भार राहिला तरी केबलची ढील संपते आणि बेअरिंग सतत घासत राहतं. म्हणजे गुन्हेगार घरातच होता.

माझं मत असं झालंय की गाडी दाखवायला नेताना आपण रोगाचं नाव सांगूच नये. आवाज कधी येतो, कधी थांबतो, कोणत्या गिअरमध्ये येतो, गाडी थंड असताना की तापल्यावर, एवढं कागदावर लिहून न्यावं. आणि जो मेकॅनिक हे न विचारताच "खोलावं लागेल" म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत आणावी. वर्गातल्या दंग्याचा आवाज ऐकून पहिल्याच मुलाला उभं करणारे मास्तर मी पाहिलेत. खरं सांगायचं तर मीही त्यातलाच एक होतो.

तेल बदलणाऱ्या त्या मुलाकडे जाऊन आलो. मी त्याच्याबद्दल काय बोललो होतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. तरी सांगितलं. तो हसला आणि चहा मागवला. सोसायटीतल्या चौघांपैकी तिघांना सांगून झालंय, चौथे गावाला गेलेत. आल्यावर त्यांनाही सांगायचं आहे.