सर्व्हरचा घसारा आणि ज्ञानाचा घसारा

‘नियोजित देखभालीच्या कामामुळे शनिवारी रात्री काही तास सेवा उपलब्ध राहणार नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’, अशा आशयाचा संदेश बँकेच्या प्रत्येक ग्राहकाच्या परिचयाचा आहे. तो वाचून कोणी नाराज होतो, कोणी त्याकडे दुर्लक्ष करतो आणि क्वचित एखादा जिज्ञासू ग्राहक शाखेत येऊन विचारतो, ‘‘रात्री तुम्ही नेमके करता तरी काय?’’ प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर आपल्या ठेवींच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. म्हणूनच त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचा हा प्रयत्न.

पूर्वी खातेवही शाखेच्या कपाटात असे. कोअर बँकिंग आल्यानंतर ती शाखेतून उठून डेटा सेंटरमधील सर्व्हरवर गेली. शाखेतील संगणक, एटीएम आणि ग्राहकाच्या हातातील मोबाइल या त्या एकाच खातेवहीकडे उघडणाऱ्या खिडक्या आहेत. ज्या कपाटात ही खातेवही ठेवली आहे त्याचे कुलूप म्हणजे सर्व्हरची कार्यप्रणाली, आणि या कुलपालाही वय असते. देखभालीच्या रात्री बहुतेक वेळा या कुलपाची दुरुस्ती तरी होत असते किंवा बदली तरी.

या वयाची तारीख कंपन्या आधीच जाहीर करतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज सर्व्हर २०१२’ या आवृत्तीला नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळणे १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबले. २०१६ च्या आवृत्तीसाठी ही तारीख १२ जानेवारी २०२७ आणि २०१९ च्या आवृत्तीसाठी ९ जानेवारी २०२९ अशी ठरलेली आहे. ‘विंडोज सर्व्हर २०२५’ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. लिनक्सच्या क्षेत्रात ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ची दहावी आवृत्ती मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तर ‘उबुंटू’ची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिल महिन्यात येते आणि तिला पाच वर्षे नियमित दुरुस्त्या मिळतात. कधी कधी जाहीर तारीखही अलीकडे येते. ‘सेंटओएस’ या मोफत प्रणालीची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल, असे गृहीत धरून अनेकांनी ती बसवली होती. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी तिचा आधार संपला. आठ वर्षांचा हिशेब एका वर्षात गुंडाळावा लागला.

जुनी आवृत्ती मुदतीनंतरही चालतच असते, मग बदलण्याची घाई कशाला, असे कोणालाही वाटेल. याचे उत्तर २०१७ या वर्षाने दिले. विंडोजमध्ये फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या एका जुन्या पद्धतीत दोष होता. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध करून दिली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच दोषातून जगभर पसरला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टांचे कामकाज त्याने विस्कळीत केले. २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा दुसरा विषाणू आला. त्याने इतर मार्गांबरोबर याच दोषाचाही उपयोग केला आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलच्या कामावर त्याचा परिणाम झाला. दुरुस्ती तोवर साडेतीन महिने हाताशी होती. औषध घरात असून आजार बळावला, असाच हा प्रकार.

बँकिंग क्षेत्रालाही हा धडा गिरवावा लागला आहे. ‘विंडोज एक्सपी’चा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरीही देशातील असंख्य एटीएम त्याच प्रणालीवर चालू राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून टप्पे आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएमवरील आधार संपलेल्या प्रणाली बदलण्यास सांगितले. पुढे नोव्हेंबर २०२३ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक निर्देशांत रिझर्व्ह बँकेने आधार संपलेले सॉफ्टवेअर टाळावे, अशा तारखांवर सतत लक्ष ठेवावे आणि मुदत संपण्यापूर्वीच बदलाची योजना तयार ठेवावी, असे स्पष्ट केले.

मात्र यावरून ‘नवी आवृत्ती आली की लगेच बसवावी’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. भारतातील बँका आणि वित्तसंस्थांपैकी केवळ १० संस्थांना किरकोळ अडथळे आले, असे रिझर्व्ह बँकेने त्यावेळी सांगितले, ही समाधानाची बाब. ब्रिटनमधील ‘टीएसबी’ बँकेचा अनुभव याहून कडू आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपली सर्व खाती नव्या प्रणालीवर नेली. खाती गेली, पण ग्राहकांना ती उघडता येईनात. व्यवहार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. पुरेशी चाचणी न घेणे आणि काम करणाऱ्या पुरवठादारावर पुरेशी देखरेख न ठेवणे या उणिवांवर बोट ठेवून तेथील नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

म्हणजे न बदलण्यातही धोका आणि बदलण्यातही धोका! या दोहोंमधून सुखरूप वाट काढणारी गोष्ट एकच: ती प्रणाली समजून घेतलेला माणूस. माझ्या मते आपल्या क्षेत्रात सर्वांत कमी तरतूद होते ती नेमकी या समजुतीसाठी.

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर, त्यामुळे विचार हिशेबाच्या भाषेतच सुचतो. बँका आपल्या संगणकांवर दरवर्षी ३३.३३ टक्के याप्रमाणे घसारा आकारतात. तीन वर्षांत यंत्राची पुस्तकी किंमत शून्यावर येते आणि त्याच्या जागी नवे आणावे लागणार, याची जाणीव ताळेबंदच करून देतो. प्रशिक्षणाचे तसे नाही. लेखा मानक २६ नुसार प्रशिक्षणावरील खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. तो त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात खर्ची पडतो. लेखाशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण माणसाच्या डोक्यातील ज्ञानावर संस्थेचा ताबा नसतो. परंतु व्यवहारात त्याचा एक विपरीत परिणाम होतो. ताळेबंदात जे दिसत नाही त्याची झीजही दिसत नाही आणि खर्चकपातीची कात्री सर्वप्रथम त्यावरच चालते.

ही झीज मात्र खरी आहे. मायक्रोसॉफ्टची ‘एमसीएसई’ ही प्रमाणित पात्रता एकेकाळी नोकरीच्या बाजारात मानाने मिरवत असे. ती जानेवारी २०२१ अखेर बंद झाली. तिच्या जागी आलेल्या कामाच्या स्वरूपानुसारच्या प्रमाणपत्रांपैकी बहुतेकांची वैधता एक वर्षाची असून, ऑनलाइन परीक्षा देऊन दरवर्षी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. रेड हॅटची प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात. ज्यांनी ही सॉफ्टवेअरे घडवली त्यांनीच त्यांच्या ज्ञानाचे आयुष्य एक ते तीन वर्षे ठरवले आहे. संगणकाच्या घसाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून जलद, असा हा ज्ञानाचा घसारा आहे.

त्याची तरतूद न केल्यास काय होते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ज्या जुन्या पद्धतीतून वॉनाक्राय पसरला ती विंडोज सर्व्हरच्या अलीकडील आवृत्त्यांत मुळात बसवलेलीच नसते. समजा, एखादे जुने उपकरण त्या पद्धतीवाचून चालत नाही. अशा वेळी केवळ ‘काम अडले’ एवढेच ज्याला दिसते तो कर्मचारी ती पद्धत पुन्हा सुरू करून मोकळा होईल. नवीन दार बसवले आणि जुनी फट मुद्दाम ठेवली, असा तो प्रकार. याउलट, २०२५ च्या आवृत्तीत सर्व्हर बंद न करता सुरक्षा दुरुस्ती लावण्याची सोय उपलब्ध आहे. तिचा उपयोग केल्यास यासाठी सर्व्हर वर्षातून १२ ऐवजी साधारणतः चार वेळाच पुन्हा सुरू करावा लागतो. सेवा खंडित होण्याच्या रात्री कमी करण्यास तिचा हातभार लागू शकतो. पण ती कोठे वापरावी, कोठे वापरू नये, हे अभ्यासाशिवाय कळत नाही.

अभ्यासाची साधने आज दुर्मीळ राहिलेली नाहीत, हे आपले भाग्य. ‘मायक्रोसॉफ्ट लर्न’वर पाठ आणि तांत्रिक दस्तऐवज विनामूल्य आहेत आणि विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस वापरून पाहता येते. रेड हॅट आणि उबुंटू यांचे दस्तऐवज खुले आहेत. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘एनपीटेल’चे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावर आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. मराठी माध्यमातून शिकून बँकेत आलेल्या आमच्यासारख्यांना त्याचे मोल अधिक वाटते. बँकांसाठी म्हणून खास उभी राहिलेली हैदराबादची ‘आयडीआरबीटी’ ही संस्था १९९६ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. थोडक्यात, पुस्तक आहे, शाळा आहे, गुरूही आहेत. उणीव आहे ती वेळेची.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, सर्व्हरचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवलेले असताना आपण का शिकावे? काम सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही, हे त्याचे उत्तर. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ च्या निर्देशांत माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेतल्या तरी उत्तरदायित्व बँकेचेच राहते, हे निःसंदिग्धपणे नमूद केले आहे. ज्याला स्वयंपाकातले काहीच कळत नाही त्याने आचाऱ्यावर देखरेख कशी करावी? दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: शिकवलेला माणूस उद्या बदलून जातो किंवा नोकरी सोडतो, मग खर्च वाया जातो. हा धोका नाकारता येणार नाही. पण न शिकवलेला माणूस टिकून राहिला, तर होणारे नुकसान अधिक मोठे आणि ते ग्राहकाच्या वाट्याला येणारे असते.

तेव्हा तीन सूचना मांडाव्याशा वाटतात. पहिली, नव्या प्रणालीच्या प्रत्येक खरेदी-प्रस्तावात परवाने आणि यंत्रे यांच्या किमतीशेजारी ‘अभ्यासाचे तास’ असा एक रकाना असावा आणि ते तास कामाचेच तास धरले जावेत. मोफत साधने आहेत म्हणून रात्रपाळी करून घरी गेलेल्या सहकाऱ्याने रविवारी शिकावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. दुसरी, ज्यावर मोडतोड करून शिकता येईल असा स्वतंत्र सराव-सर्व्हर असावा. ग्राहकांच्या खऱ्या माहितीचा एक अंशही त्यावर नसावा. तिसरी, जो शिकेल त्याने आपली टिपणे साध्या भाषेत लिहून मागे ठेवावीत. माणसाची बदली होते, टिपणवहीची होत नाही. दुसऱ्या आक्षेपाला याहून स्वस्त उत्तर मला तरी दिसत नाही.

ज्येष्ठ सहकारी सांगतात की, डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग यंत्रे आली, तेव्हा आयुष्यभर टाकाने खतावणी केलेल्या माणसांनी ती शिकून घेतली. ती पिढी तंत्रज्ञ नव्हती. पण शिकणे हा आपल्या कामाचाच भाग आहे, हे तिने मानले. आजच्या पिढीचा प्रश्न एवढाच की, तिला हे एकदाच नव्हे, दर दोन-तीन वर्षांनी करावे लागणार आहे.

ग्राहक बंधुभगिनींनाही एक विनंती. देखभालीचा संदेश आला की आपले निकडीचे व्यवहार आधी उरकून घ्यावेत. त्या रात्री ‘सेवा सुरू करून देतो, फक्त ओटीपी सांगा’ असा फोन आल्यास तो निःशंकपणे बंद करावा. देखभालीसाठी बँकेला आपला पासवर्ड वा ओटीपी कधीही लागत नाही. आणि रात्री आम्ही नेमके काय करतो, हे शाखेत येऊन अवश्य विचारावे. ठेवीवर व्याज किती, हा ग्राहकाचा जुना हक्काचा प्रश्न आहे. ती ठेव सांभाळणारी माणसे शेवटचे कधी शिकली, हाही यापुढे तितक्याच हक्काने विचारला जावा. त्याचे समाधानकारक उत्तर आमच्याजवळ तयार असणे, हीच या काळातील ग्राहकसेवा होय.