बाविसाव्या वर्षी लिहिलेले एक पान

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याचे स्वतःचे वय तेव्हा किती होते, हे कळायला मार्ग नाही. बहुधा तो पंचविशीतला असावा. यमक मात्र त्याला छान साधले आहे आणि आपल्या भाषेत यमक साधले की अर्धा पुरावा मिळाल्यासारखाच असतो! घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, की कोणीतरी ही म्हण पुटपुटतोच. तेच आपण दिवाळीत त्याच माणसाच्या पाया पडतो आणि 'शतायुषी हो' असा आशीर्वाद घेतो. म्हणजे बुद्धी साठीला जाणार आणि आयुष्य शंभरापर्यंत चालणार! मधल्या चाळीस वर्षांचे करायचे काय, याचा विचार ना म्हणीने केला, ना आशीर्वादाने.

तो विचार चिकाटीने करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची हकिगत यंदा सांगायची आहे. विषय मेंदूचा असूनही ती सांगायला मराठीच्या अध्यापकाने का सरसावावे, हे पुढे कळेलच.

या शास्त्रज्ञाचे नाव डेव्हिड स्नोडन. रोग कोणाला होतो, कोणाला होत नाही आणि का, याचा मोठ्या लोकसमूहांवरून हिशेब मांडणारे जे शास्त्र आहे, ते यांचे. १९८६ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात असताना त्यांना वृद्धत्वाचा अभ्यास करायचा होता. पण अशा अभ्यासातली अडचण जुनीच. एक म्हातारा विडी ओढतो, दुसरा ओढत नाही. एक पोटभर जेवतो, दुसरा अर्धपोटी राहतो. एकाला डॉक्टर दारात, दुसऱ्याला वीस कोसांवर. मग कोण कशामुळे खचला हे सांगायचे कसे? स्नोडन यांच्या एका विद्यार्थिनीने पूर्वी ख्रिस्ती धर्मसंघात भगिनी म्हणून काही काळ काढला होता. तिच्यामुळे त्यांना मंकेटो गावच्या टेकडीवरील मठाची वाट सापडली. तेथे 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघाच्या नन राहत. एकच स्वयंपाकघर, एकच दिनक्रम, सारख्याच प्रतीची औषधयोजना, संसार नाही, धूम्रपान नाही. बहुतेकींचा व्यवसायही एकच, आणि तो म्हणजे शिकवण्याचा. बाहेरच्या जगातले इतके फरक येथे आपोआप पुसले गेले होते, की उरलेले फरक स्पष्ट दिसावेत.

पुढे १९९० च्या सुमारास स्नोडन केंटकी विद्यापीठात गेले आणि संघाच्या अमेरिकेतील इतर मठांतही हे काम पसरले. अट एकच, पण विलक्षण होती. दरवर्षी स्मरणशक्तीची परीक्षा द्यायची आणि मृत्यूनंतर आपला मेंदू शास्त्राला द्यायचा. १९१७ पूर्वी जन्मलेल्या १०२७ भगिनींना विचारले. ६७८ जणींनी होकार दिला. तेव्हा त्यांची वये ७५ ते १०२ अशी होती. आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतलेल्या या बायका आता स्वतः परीक्षेला बसू लागल्या. दहा शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने आठवून सांगायचे. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे येतील तितकी घ्यायची. चित्रातली वस्तू ओळखायची. प्रश्नपत्रिका सोपी वाटते खरी. पण आपल्याला काल आलेले उत्तर आज येत नाही हे ज्याला जाणवते, त्यालाच ती किती अवघड आहे ते ठाऊक.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट. २२ सप्टेंबर १९३० रोजी या संघाच्या प्रमुख मातेने एक पत्र काढले होते. प्रत्येक भगिनीने आपल्या आयुष्याची हकिगत दोन-तीनशे शब्दांत, एकाच कागदावर लिहून द्यावी, असा त्यात आदेश होता. जन्म, आईबाप, शाळा, बालपणीचे प्रसंग, मठाकडे वळण्याचे कारण, एवढेच. कागद कपाटात गेले आणि साठेक वर्षे तेथेच राहिले. स्नोडन यांच्या हाती ते पडले, तेव्हा लिहिणाऱ्या तरुणी ऐंशीच्या आसपास पोचल्या होत्या. लिहिताना त्यांचे सरासरी वय बावीस होते.

रोगांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला निबंध तपासता येतोच असे नाही. स्नोडन यांचा मोठेपणा मला वाटतो तो येथे, की त्यांनी तो आव आणला नाही. त्यांनी कॅन्सस विद्यापीठातील सुझन केंपर यांना हाक मारली. वय वाढते तशी माणसाची भाषा कशी बदलते, हा केंपरबाईंचा अभ्यासविषय. त्यांनी मिलवॉकी येथील ९३ भगिनींची पाने घेतली आणि दोन गोष्टी मोजल्या. एक, वाक्याची व्याकरणदृष्ट्या गुंतागुंत. दुसरी, विचारांची दाटी, म्हणजे दर दहा शब्दांत किती स्वतंत्र कल्पना बसल्या आहेत ती.

ही 'दाटी' म्हणजे काय, ते माझ्याच दोन बनावट उताऱ्यांवरून सांगतो. एक मुलगी लिहिते : "माझा जन्म साताऱ्यास झाला. माझे वडील शिक्षक होते. आम्ही पाच भावंडे. त्यांत मी थोरली." दुसरी लिहिते : "वडील शिक्षक, म्हणून घरात पुस्तकांना तोटा नव्हता, तोटा होता तो दिव्यातल्या तेलाचा. तेव्हा थोरली मी वाची आणि चौघे अंधारात ऐकत." माहिती दोघींकडे जवळजवळ तीच. पण दुसरीच्या पानात गोष्टी नुसत्या एकीपुढे एक उभ्या नाहीत. त्यांनी एकमेकींचे हात धरले आहेत.

१९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बाविसाव्या वर्षीच्या पानात ज्यांची विचारांची दाटी कमी होती, त्यांची स्मरणशक्ती म्हातारपणी अधिक ढासळलेली आढळली. यांपैकी ज्या १४ भगिनी तोवर निवर्तल्या होत्या त्यांचे मेंदू केंटकीचे विल्यम मार्कसबरी यांनी तपासले. कोणते पान कोणाचे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विचारांची दाटी कमी असलेल्या सगळ्यांच्या मेंदूत आल्झायमर रोगाच्या खुणा निघाल्या. जास्त असलेल्यांपैकी एकीच्याही नाही. गंमत अशी की, वाक्यांच्या व्याकरणी गुंतागुंतीचा संबंध त्यामानाने दुबळा ठरला. लांबलचक वाक्ये लिहून गुण मिळवू पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे!

पुढे डेबोरा डॅनर आणि वॉलेस फ्रीसन हे सहकारी मिळाले आणि १८० पानांतील भावनांचे शब्द मोजले गेले. आनंद, कृतज्ञता, आशा, प्रेम. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या हिशेबात असे दिसले, की ज्यांच्या पानांत असे उद्गार सर्वांत कमी, त्यांना मृत्यूचा धोका सर्वांत जास्त उद्गार असणाऱ्यांच्या अडीच पट होता. तारुण्यातला एक कागद सहा दशके ओलांडून काहीतरी सांगत होता खरा.

पण नेमके काय सांगत होता? येथे सावध राहायला हवे. हे वाचून कोणी रात्रीत बसून दाट वाक्ये घोटायला लागेल, तर ते पंचांग बदलून पाऊस पाडण्यासारखे होईल. पानातली दाटी हे कारण की लक्षण, हा प्रश्न उरतोच. भाषेत घडलेले मन मेंदूला पुढे बळ देते, असेही असेल. किंवा आल्झायमरसारखा रोग बाविसाव्या वर्षीच कोठे चोरपावलाने आत शिरलेला असेल आणि भाषेतली विरळता ही त्याचीच पहिली चाहूल असेल. शिवाय एका धर्मसंघातल्या अविवाहित, शिकलेल्या बायकांवरून साऱ्या जगाचे भविष्य वर्तवता येत नाही. ज्या एकसारखेपणाने अभ्यास सोपा केला, त्यानेच त्याची सीमाही आखली.

आणि मग सिस्टर मेरी. या अभ्यासातली मला सर्वांत भावलेली व्यक्ती हीच. शिकवता शिकवता तिने हायस्कूलचे शिक्षण पुरे केले ते ४१व्या वर्षी. आणि वर्गात उभी राहिली ती ८४व्या वर्षापर्यंत. १०१व्या वर्षी ती गेली. मृत्यूपूर्वीच्या परीक्षेतही तिचे गुण उत्तम होते. मात्र तिचा मेंदू तपासला, तेव्हा त्यात आल्झायमरच्या गाठी आणि डाग भरपूर निघाले! रोग तिच्या घरात राहत होता. पण घरधनीण तीच होती. आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली या गाठी व डागांचे वर्णन केले, तेव्हापासून ते दिसले की माणसाची बुद्धी गेली असे समीकरण सोयीचे होते. सिस्टर मेरीने ते मोडले.

मग एकाच रोगाने एकजण कोलमडते आणि दुसरी उभी राहते, असे का? एक उत्तर १९९७ साली स्नोडन यांनी मांडले. मेंदू तपासलेल्या १०२ भगिनींपैकी ६१ जणींच्या मेंदूत या रोगाच्या पुरेशा खुणा होत्या. त्यांतल्या ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात बारीक रक्तवाहिन्या तुंबून छोटे आघात झाले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त होता. ज्यांना असे आघात नव्हते, त्यांच्यात कमी. रोगाला जणू बाहेरच्या साथीदाराची गरज लागत होती. आणि या साथीदाराला अडवण्याचे उपाय आपल्याला माहीत आहेत. रक्तदाब तपासत राहावा, तंबाखू सोडावी, पाय चालते ठेवावेत. शिक्षण हे दुसरे उत्तर. स्नोडन यांचे सहकारी जेम्स मॉर्टिमर यांना २००३ साली असे आढळले, की लहान डोके आणि कमी शिक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर स्मृतिभ्रंशाची शक्यता चौपट होते. यांपैकी एकच गोष्ट असेल, तर इतके बिघडत नाही. डोक्याचा घेर आपल्या हाती नाही. मुलगी शाळेत किती वर्षे राहील हे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.

या साऱ्या खटाटोपात रोगांचा गणिती होता, मेंदूचा परीक्षक होता, मानसशास्त्रज्ञ होते आणि भाषेची अभ्यासकही होती. त्यांच्या बरोबरीने त्या ६७८ म्हाताऱ्या भगिनीही होत्या. त्यांना या संशोधनाच्या विषय म्हणणे मला जड जाते; त्या सहकारीच होत्या. शिकवण्याची सवय त्यांनी मृत्यूनंतरही सोडली नाही.

तेव्हा वाचकहो, घरात कोणी आजी तोच प्रश्न पाचव्यांदा विचारू लागली, तर 'वय झाले' म्हणून हात झटकू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. वय हा रोग नव्हे, आणि रोग हा त्या माणसाचा दोष नव्हे. तरुणपणी वाचले-लिहिले नाही म्हणून ही शिक्षा झाली, असे तर चुकूनही मनात आणू नये. आपल्याकडे कित्येक आज्यांच्या हाती बाविसाव्या वर्षी लेखणी नव्हतीच. होते ते जाते आणि ओव्या. त्यांतल्या विचारांची दाटी कोणी मोजायला बसला, तर त्याची बोटे पुरणार नाहीत.

मुलांचे मन असे दाट विणले जावे म्हणून काय करावे, असे आईबापांनी विचारले तर स्नोडन यांच्याकडे केंपरबाईंचे उत्तर तयार असे : मुलांना वाचून दाखवा. यंत्र नको, औषध नको, शिकवणी नको. फराळाचे डबे रिकामे होतील, फटाक्यांचा कचरा लोटला जाईल. हा अंक मात्र घरात राहील. यातली एखादी गोष्ट मोठ्याने वाचा. ऐकायला नातू असावा आणि आजीही असावी. एकाचे विणकाम सुरू व्हायचे आहे. दुसरीचे उसवू नये.