बदकांच्या आधी येणारा पाहुणा

नांदूर मधमेश्वर म्हटले की डोळ्यांपुढे बदके येतात. गाड्या भरून माणसे येतात तीही थंडी पडल्यावर. पण शेतकरी बंधूंनो, परदेशी वटवट्या भाद्रपदातच येऊन टेकलेला असतो. चिमणीहून लहान, मळकट रंगाचा, दहा ग्रॅमच्या आसपास वजन. अन् येतो थेट रशिया, मध्य आशियातून! बाभळीत, पाणकणसात दडून किडे टिपतो. दिसतो थोडा, 'चक् चक्' आवाजच जास्त.

१९८६ साली इथे अभयारण्य झाले. २०२० मध्ये रामसर यादीत येणारे ते राज्यातले पहिले ठिकाण ठरले. पण पक्षी काही हद्दीचा दगड पाहून बसत नाही. हद्दीबाहेरचे पाणकणीस ऐन हिवाळ्यात पेटवले, बांधावरची बाभूळ तोडली, की त्याचा आसरा गेलाच.

वटवट्या आला म्हणून द्राक्षबागेची फवारणी वाचेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मागणे एवढेच, की सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी काठाच्या साफसफाईचा ठराव वैशाखावर ढकलावा. तोवर बहुतेक पाहुणे परतलेले असतात. अन् तोडही सलग नको, पट्ट्यापट्ट्याने करावी.