दुसऱ्या गाडीचा हिशोब



आपल्या समाजाच्या कुठल्याही कार्यक्रमात, जेवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ऑफिससाठी एक छोटी गाडी घेऊन टाकतो. इंधनातच पैसे वसूल!" गेल्या महिन्यापर्यंत हे वाक्य मीही म्हणत होतो.

आमच्याकडे बाबांची सात सीटची डिझेल गाडी आहे. आम्ही राहतो देवासला, पण मूळ घर आणि शेती धारला, काका-काकूंकडे. इंदूरवरून शंभरेक किलोमीटर. जाताना माणसं, येताना सोयाबीन, गहू आणि लसणाची पोती, म्हणून गाडी मोठी. अमेरिकेत बोट किंवा ट्रेलर ओढायला मोठा पिकअप ठेवणारे लोक ऑफिससाठी वेगळी छोटी गाडी घ्यावी का, यावर असाच वाद घालतात. आपल्याकडे ओढायचं काम ट्रॅक्टर करतो, पण प्रश्न तोच: वर्षातून थोडेच दिवस लागणारी मोठी गाडी रोज पळवायची, की रोजसाठी दुसरी घ्यायची?

माझं ऑफिस इंदूरला, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला. जाऊन-येऊन ८० किमी, आठवड्यातून तीन दिवस. बाकी दिवस घरून काम. एका रविवारी पोहे खाऊन झाल्यावर मी लॅपटॉप उघडून एक्सेल मांडलं.

मोठी गाडी लिटरला १३ किमी देते. डिझेल ९४ रुपये धरलं तर किलोमीटरला सव्वासात रुपये. सीएनजीची छोटी गाडी किलोला २५ किमी आणि भाव ९२ रुपये धरला, तर पावणेचार. फरक साडेतीन रुपये. शिवाय मोठ्या गाडीची झीज वाचते, तिचा एक रुपया. म्हणजे किलोमीटरला साडेचार, दिवसाला ३६० रुपये बचत. टोल दोन्ही गाड्यांना सारखाच, म्हणून सोडला. वर्षाचे १४४ दिवस गुणिले ३६० म्हणजे ५१,८४० रुपये. मी खूश!

मग दुसरी बाजू मांडली. चार लाखांची सेकंडहँड गाडी पाच वर्षांनी दोन लाखांना गेली, तर वर्षाला ४०,००० घट. अडकलेल्या पैशांचं बुडालेलं व्याज साधारण २१,०००. विमा आणि पीयूसी ९,०००. जादा सर्व्हिसिंग ६,०००. एकूण ७६,०००. गाडी दारात नुसती उभी राहिली तरी यातला बहुतेक खर्च होतोच.

७६,००० भागिले ३६० म्हणजे २११ दिवस. वर्षातून २११ दिवस ऑफिसला गेलो, तर गाडी फुकट पडली. त्याहून जास्त गेलो, तर फायदा. आठवड्याचे पाच दिवस जाणाऱ्याला वर्षाला दहाएक हजार वाचतील. मी जातो १४४ दिवस. म्हणजे 'बचत' करण्यासाठी मला दरवर्षी २४,००० रुपये घालावे लागणार होते!

आपण देवासकरांना हे सांगायची खरं तर गरज नाही. आपल्या एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं होती. दोन राजे, दोन दरबार, दोन खजिने. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा दुहेरी कारभार चालला. गाव लहान असलं तरी दरबाराचा खर्च निम्मा होत नाही. गाडीचंही तसंच आहे.

तरी मला गाडी हवीच होती, म्हणून मी बाबांना एक्सेल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि विचारलं, "बसचा रकाना कुठाय?"

मी हसलो. "बसने कोण जातं आता, बाबा?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हे गेले होते की मागच्या मंगळवारी. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नव्हतं का!"

मंगळवारी गाडी माझ्याकडे होती. ऑफिसच्या बेसमेंटमध्ये दिवसभर उभी. आणि माझे सत्तरीचे बाबा देवासहून इंदूर, तिथून रिक्षाने गंगवाल स्टँड, तिथून बसने धार असे गेले आणि रात्री दहाला परतले. मला वाटलं, कोपऱ्यावर गप्पा मारत बसले असतील. मी विचारलंही नव्हतं.

"सांगायचं ना, बाबा."

"तुझी मीटिंग होती," ते म्हणाले. "आणि गाडी तूच नेतोस, मग तुझीच झाली ना."

मी गप्प बसून बसचा रकाना भरला. बस आणि इंदुरातली रिक्षा मिळून दिवसाला ३०० रुपये. छोट्या गाडीचा सीएनजीही तेवढाच! म्हणजे तीच ५१,८४० ची बचत, आणि वरचे ७६,००० नाहीत. तोटा एकच. रोज तास-सव्वातास जास्त जातो, आणि पावसाळ्यात तो जाणवेल.

तुमचे आकडे वेगळे असतील. नवरा-बायको दोघं रोज दोन दिशांना जात असतील, किंवा घरी लहान बाळ असेल, तर दुसरी गाडी जरूर घ्या. पण तिला बचत म्हणू नका, सोय म्हणा, आणि सोयीची किंमत महिन्याला किती पडते ते आधी काढा. गाडीचा वर्षाचा ठरलेला खर्च भागिले एका दिवसाची बचत. उत्तर येईल तितके दिवस तुम्ही खरंच जाता का, ते कॅलेंडरमध्ये मोजा. आणि गाडी तुम्ही नेल्यावर घरी कोण अडकतं, तेही एकदा विचारा. तो रकाना माझ्या एक्सेलमध्ये नव्हता.

आता ऑफिसच्या दिवशी मी बसने जातो. या मंगळवारी काकांची तपासणी होती. बाबा सकाळी सातला आईला घेऊन निघाले. संध्याकाळी मी घरी पोचलो, तेव्हा गाडी दारात होती, आणि मागच्या सीटवर लसणाचं पोतं माझी वाट बघत होतं.