कॅबिनेटबरोबर फुकट

आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी घरीच संगणक जुळवायचे ठरवले. पैसे मी द्यायचे आणि डोके त्याने लावायचे, अशी कामाची वाटणी झाली. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, यावर दोन रात्री खल झाला. वीज पुरवणाऱ्या पेटीची, म्हणजे बाजारात जिला 'एसएमपीएस' म्हणतात तिची पाळी आली, तेव्हा पाकीट हलके झाले होते. दुकानदार म्हणाला, "सर, कॅबिनेटबरोबर फुकट देतो. साडेचारशे वॉटचा आहे." फुकट या शब्दापुढे मास्तर माणसाचे काही चालत नाही!

सात महिन्यांनी एका संध्याकाळी फट्‌ असा आवाज झाला आणि घरभर जळका वास सुटला. पेटी गेली त्याचे दुःख नव्हते. पण जाताना ती डिस्कलाही घेऊन गेली. त्या डिस्कवर माझ्या आईच्या तोंडून उतरवून घेतलेल्या दोनशेवर जात्यावरच्या ओव्या होत्या. आई आता नाही. टंकून झाल्या, आता वह्या कशाला, म्हणून वह्या मीच रद्दीत घातल्या होत्या.

नापास झाल्यावर अभ्यास सुचतो, तसा मग मी अभ्यासाला बसलो. ही पेटी घरातली २३० व्होल्टची वीज घेते आणि तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज करून आतल्या भागांना वाटते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघे खादाड. त्यांचे पोट भरते १२ व्होल्टवर. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा नव्हे, लेबलावरची १२ व्होल्टची ओळ वाचायची. आमच्या जळक्या पेटीवर तिथे १६ अँपिअर लिहिले होते. १६ गुणिले १२, म्हणजे अवघे १९२ वॉट! इकडे प्रोसेसरचे ९०, कार्डाचे ११५ आणि इतर किरकोळ मंडळींचे ६०, अशी २६५ वॉटांची मागणी. पंगत मोठी आणि पातेले लहान, दुसरे काय?

नवी पेटी घेताना बेरजेवर भरपूर शिल्लक ठेवून ५५० वॉटची घेतली. तिच्या १२ व्होल्टच्या ओळीत जवळजवळ सगळे वॉट भरतात. '८० प्लस' ही खूणही पाहिली. २००४ साली सुरू झालेल्या या खुणेचा अर्थ इतकाच, की घेतलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के वीज कामी येते. उरलेली उष्णता होऊन जाते. पण ती काटकसरीची खूण आहे, सुरक्षिततेची नव्हे. व्होल्ट भलतेच वाढले किंवा कुठे शॉर्ट झाले, तर पेटी आपण होऊन बंद पडते ना, हे निराळे विचारावे लागते. आम्ही या वेळी विचारले.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरी कुणी संगणक जुळवायला बसले असेल, तर तेवढे एक लेबल चष्मा लावून वाचा. आणि पेटी कितीही चांगली असली, तरी जे पुन्हा मिळणार नाही त्याची नक्कल दुसरीकडे ठेवा.

गावाकडच्या मावशीला चाळीसएक ओव्या अजून आठवतात. भाऊबीज झाली की तिच्याकडे जाणार आहे. वही घेऊन.