घट्ट म्हणजे किती घट्ट?

गेल्या शनिवारी मित्राच्या गॅरेजमध्ये एका नळीचा जीव गेला. दोष देताना मला बाजूला काढता येणार नाही, कारण व्हाइसचा दांडा शेवटी मीच आवळला होता.

टेक्सासमध्ये ऑफिसातल्या मित्रांकडे बंदुका असणं यात काही नवल नाही. या मित्राकडे .२२ रायफलचा सप्रेसर आहे, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचा सायलेन्सर. (सिनेमात येतो तसा 'फुस्स' आवाज प्रत्यक्षात येत नाही. असो.) .२२ च्या गोळीचं शिसं आणि काजळी आत साचत जाते, त्यामुळे तो अधूनमधून उघडून साफ करावा लागतो. टोपी निघेना. मग तो जगप्रसिद्ध सल्ला आठवला: "टॉवेल गुंडाळा, व्हाइसमध्ये धरा, आणि मस्त आवळा!"

आवळलं. टोपी जागची हलली नाही. नळी मात्र लंबगोल झाली आणि आतले बॅफल अडकून बसले.

माझं भांडण या 'मस्त आवळा'शी आहे. हा सल्ला देणारे लोक अडाणी नसतात. उलट बरेचसे माझ्यासारखे, हातात स्पॅनर आला की स्वतःला मेकॅनिक समजणारे इंजिनियर असतात. जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित, हे त्यांचं गणित. ते साफ चूक आहे.

जरा हिशेब करू. व्हाइसचा दांडा २० सेंटीमीटर, स्क्रूचा पिच ५ मिलीमीटर. एका फेऱ्यात तुमचा हात सव्वा मीटर फिरतो आणि जबडा सरकतो ५ मिलीमीटर. म्हणजे कागदावर बळ २५० पट. हाताने १० किलोचा जोर लावला तर जबड्यात अडीच हजार किलो! यातलं चार पंचमांश घर्षणात गेलं असं धरा, तरी ५०० किलो उरतात. आणि हे सगळं पडतं कुठे? सपाट जबडे गोल नळीला फक्त दोन रेषांवर टेकतात, तिथे. टॉवेलने ओरखडे वाचतात, चेपणं वाचत नाही.

"अहो पण टायटॅनियम आहे!" हो, आहे ना. पण टायटॅनियमची ताठरता पोलादाच्या साधारण निम्मी असते. तेवढ्याच जाडीची नळी तेवढ्याच दाबाखाली जवळजवळ दुप्पट वाकणार. त्यात गोल नळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा. सप्रेसर हलका हवा म्हणून त्याची नळी पातळ ठेवलेली असते. मग आपण तिच्यावर लोखंडी पहारीसारखा जोर का काढतो?

"आमचा तर कधी चेपला नाही," हे पुढचं उत्तर. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात.

बरं, चेपला तर चेपला, नवी नळी घाला, असंही नाही. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानुसार प्रत्येक सप्रेसरची सरकारदरबारी नोंद असते. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला, पण नोंदणी तशीच आहे. मित्राच्या सप्रेसरचा नंबर त्या नळीवरच कोरलेला आहे. ती गॅरेजमध्ये बदलता येत नाही, परवानाधारक उत्पादकाकडेच पाठवावी लागते. आणि तशीच वापरायची म्हटली, तर गोळीचा मार्ग सरळ राहिला आहे की नाही याची खात्री कोण देणार? गोळी बॅफलला धडकली तर सप्रेसर फाटू शकतो.

माझे बाबा पिंपरीत फिटर होते. सध्या सहा महिन्यांसाठी इकडे आलेत. घरी येऊन त्यांना फोटो दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "अरे, मधोमध कशाला धरलीस? आणि लाकडाचा ठोकळा नव्हता काय तिथे?"

पन्नास वर्षांपूर्वीच्या फिटरला जे माहीत होतं ते असं. लाकडाचा ठोकळा घ्या, त्यात नळीच्याच मापाचं भोक पाडा, भोकाच्या मधोमध करवतीने दोन तुकडे करा. नळी त्यात ठेवून ठोकळा व्हाइसमध्ये धरा. आता दाब दोन रेषांवर न पडता नळीच्या जवळजवळ सगळ्या घेरावर वाटला जातो. घसरतेय? आवळू नका, चिमूटभर राळ लावा. जिथे जोड आहे त्याच्या जवळ धरा, मधल्या पोकळीवर नको. स्पॅनरसाठी सपाट कडा दिल्या असतील तर तिथेच धरा, त्या त्यासाठीच असतात. उत्पादकाने दिलेला पाना वापरा. टोपी काजळीने चिकटली असेल तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा. एवढं करून नाही निघाली तर उत्पादकाकडे पाठवा, त्यात कमीपणा नाही.

यातलं काहीच महाग नाही. लागला असता तो एक तास, आणि नेमका तोच आम्हाला वाचवायचा होता.

मित्राने नळी उत्पादकाकडे पाठवली आहे. येणारं बिल अर्धं माझं, हे मी त्याला सांगून टाकलंय. बाबांनी कालच गॅरेजमध्ये सागाचा एक तुकडा शोधून ठेवला. या शनिवारी भोक तेच पाडणार आहेत. दांड्याला हात लावायची मला परवानगी नाही.